आमचीं केशतेलें व त्यांचा वियोग

ज्यांस हाड नाहीं, रक्त नाहीं, व कापले असतां ज्यांस वेदना होत नाहींत, अशा केसांसाठीं मनुष्यानें जेवढा पैसा, वेळ व सुगंध खर्च केला आहे, तेवढा एखाद्या उपयुक्त अवयवासाठीं क्वचितच केला असेल. विद्यार्थिमित्रांस हा विषय हलका वाटेल. शाळेच्या वार्षिकांत परिश्रम, वक्तशीरपणा, वाचनाची गोडी यांवर लिहावें. तेलाच्या बाटलीवर काय लिहावयाचें, असें त्यांचे पालकही म्हणतील. परंतु रोज सकाळीं आरशासमोर जीं पांच मिनिटें प्रत्येक घरांत जातात, त्यांविषयीं वर्षांतून एकदां दोन पानें खर्च करण्यास हरकत नसावी. आम्हांस येथें दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत: पुरुषांचें जुन्या पद्धतीचें केशप्रसाधन निवडावें कसें, आणि आपल्या आवडीचें प्रसाधन बाजारांतून नाहींसें झालें, तर शोक करावा किती.

प्रथम या मंडळींची ओळख करून घेऊं. सर्वांत वडील तें तेल. आपल्याकडे खोबरेलांत माका, ब्राह्मी, आवळा, वाळा, गव्हला व कचोरा घालून घरोघर तेल कढवीत असत. कांहीं घरांत अजूनही कढवितात. विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत अशीच कीर्ति मॅकॅसर तेलास लाभली. लंडनच्या रोलंड नामक केशकर्तकानें तें प्रसिद्धीस आणलें, आणि त्याचा बोलबाला इतका झाला, कीं लॉर्ड बायरनच्या १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन जुआन’ काव्यांतही त्याचें नांव आलें. तेलकट डोकीं टेंकून खुर्च्यांचीं गादीचीं कापडें खराब होऊं लागलीं, तेव्हां गृहिणींनीं खुर्चीच्या पाठीवर धुण्याजोगा रुमाल घालण्याची युक्ति काढिली. त्या रुमालास ‘अँटिमॅकॅसर’ हेंच नांव पडलें. आगगाडींत व विमानांत आसनाच्या माथ्यावर आज जें कापड दिसतें, तें त्याचेंच वंशज होय. मौजेची गोष्ट अशी, कीं वनस्पतिशास्त्रांत मॅकॅसर तेल म्हणून ओळखलें जाणारें तेल ज्या बियांपासून निघतें, तें झाड आपल्या कोंकणांत व सह्याद्रींतही आहे. वसंत ऋतूंत ज्याची कोंवळी पालवी लालभडक दिसते, तें आपलें कोशिंबाचें झाड तेंच.

दुसरें भावंड पोमेड. ज्या लॅटिन शब्दापासून हें नांव निघालें त्याचा अर्थ फळ; कारण पूर्वीं या मलमांत सफरचंदाचा गर घालीत असत. त्याचा पाया मात्र चरबीचा असे. इंग्लंडांत एके काळीं अस्वलाच्या चरबीस फार मागणी होती. अस्वलाच्या अंगावर केस दाट, म्हणून त्याची चरबी लावणाराच्या डोक्यावरही केस दाट येतील, असा तो तर्क! अस्वलाचा जीव गेला, पण टकलावर केस आल्याचें ऐकिवांत नाहीं. १८७२ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट चेसब्रो यानें व्हॅसलीनचें पेटंट घेतलें. पुढें या खनिज पदार्थानें पोमेडांतील प्राण्यांच्या चरबीची जागा हळूहळू घेतली.

तिसरें ब्रिलियंटाइन, म्हणजे चकाकी आणणारें पातळ सुवासिक तेल. चौथें टॉनिक, त्यांत मद्यार्क व थोडें एरंडेल असे. बहुतेक वनस्पतितेलें मद्यार्कांत सहज विरघळत नाहींत, एरंडेल विरघळतें. म्हणून या कामीं त्याची योजना. पांचवें आणि वयानें सर्वांत धाकटें तें क्रीम. १९२८ सालीं बर्मिंगहॅम येथें ब्रिलक्रीम जन्मास आलें. पाणी व खनिज तेल यांचें वैर प्रसिद्ध आहे. मधमाशांच्या मेणाच्या साहाय्यानें त्यांची दिलजमाई केली, एवढेंच त्यांतील रहस्य. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलांतील तरुणांस लोक याच क्रीमच्या नांवानें संबोधूं लागले. आपल्याकडेही वडील पिढींतील पुष्कळांच्या आरशाजवळ तें असे, व अद्यापि मिळतें.

आतां निवड. केस विरळ व मऊ असतील, तर जड पोमेड लावूं नये. तें केसांस डोक्याशीं चिकटवून विरळपणाची जाहिरात करितें. अशांस हलकें क्रीम किंवा टॉनिक बरें. केस जाड व हट्टी असतील, तर मेण असलेलें पोमेडच त्यांस ताळ्यावर आणील. कोरड्या केसांस तेलासारखा मित्र नाहीं. २००३ सालीं मुंबईच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना केलेली आहे. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करण्याचा गुण तिघांपैकीं एकट्या खोबरेलांत आढळला. आजीबाईंचें म्हणणें प्रयोगशाळेनेंही मान्य केलें, हें ऐकून आम्हांस आनंद झाला. प्रमाणाविषयीं सांगावयाचें, तर वाटाण्याएवढें पुरे. तें दोन्ही तळहातांवर चोळून मग केसांस लावावें. बोटानें थेट डोक्यावर थापूं नये. आणि डबीवरील चित्र न पाहतां मागील बारीक अक्षरें वाचावीं. जो पदार्थ अधिक, तो यादींत आधीं असतो. पहिलीं चार नांवें वाचलीं, कीं त्या डबीची कुळकथा समजते.

परंतु एवढी पारख करून निवडलेली वस्तु एके दिवशीं दुकानांतून नाहींशी होते, त्याचें काय? याचीं कारणें बहुधा तीन असतात. पहिलें, लोकांच्या रुचींतील पालट. इंग्लंडांत केसांवर व टोपांवर पांढरी भुकटी घालण्याची चाल होती. १७९५ सालीं सरकारनें ती वापरणारावर वर्षास एक गिनी कर बसविला, आणि आधींच ओसरत चाललेली ती चाल लवकरच लयास गेली. त्याचप्रमाणें १९६० नंतरच्या दशकांत तरुणांनीं केस लांब, मोकळे व कोरडे ठेवावयास आरंभ केला, तेव्हां किती तरी पोमेडें व टॉनिकें निराधार झालीं. दुसरें कारण शास्त्राचा निर्णय. पांढरे केस हळूहळू काळे करणाऱ्या कांहीं द्रवांत शिशाचा एक क्षार असे. अमेरिकेच्या सरकारनें २०१८ सालीं त्याची परवानगी काढून घेतली. युरोपांत २०२२ सालापासून लिलिअल नामक एक सुगंधी द्रव्यही निषिद्ध झालें, व त्यामुळें कित्येक जुन्या वस्तूंचा वास बदलावा लागला. अशा ठिकाणीं आम्ही शोक करीत नाहीं. शिसें डोक्यास लावून कोणाचें भलें झालें आहे? तिसरें कारण निव्वळ हिशेबाचें. एक व्यापारी दुसऱ्याची पेढी विकत घेतो, खातीं तपासतो, आणि ज्या मालावर नफा थोडा त्यावर तांबडी रेघ ओढतो. ती रेघ ओढणारास त्या डबीमागें कोणाची सकाळ आहे, हें ठाऊक नसतें.

कधीं कधीं वस्तु जाते व तिची कीर्ति मागें राहते. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांचें ‘कुंतलीन’ नांवाचें केशतेल एके काळीं बंगाल्यांत घरोघर ठाऊक होतें. त्यांनीं १८९६ सालीं लघुकथांसाठीं पारितोषिक सुरू केलें. अट एवढीच, कीं कथेंत त्यांच्या तेलाचा व अत्तराचा उल्लेख यावा, पण कथेची शोभा बिघडूं नये. पहिल्याच वर्षीं बक्षीस मिळविणारी कथा लिहिली होती शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनीं. केशतेलाची एक बाटली समुद्रांत ओततांच वादळ शमतें, अशी तिची मौज. आणि तेलानें पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो, हें त्यामागील शास्त्र. पुढें १९०३ सालीं शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘मंदिर’ ही कथा त्यांच्या मामांच्या नांवावर गेली व तिलाही पारितोषिक मिळालें. आज तें तेल कोणाच्या डोक्यावर नाहीं. परंतु बंगाली वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचा वास अजून दरवळतो.

प्रत्येक डबीच्या नशिबीं असा इतिहास नसतो. बहुतेकींचा इतिहास एखाद्या घरापुरताच असतो. आमचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पहिल्या पगारापासून ते एकच केशमलम वापरीत. पत्र्याची बसकी डबी, तींत पिवळसर मलम, व झांकण उघडतांच लवंग आणि लिंबू यांचा मिश्र वास. सकाळीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं ते डावीकडे भांग काढीत, आणि सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांनीं हा नेम मोडला नाहीं. पुढें त्यांची दृष्टि गेली. आरसा निरुपयोगी झाला, तरी वासावरून डबी सांपडे व हाताला भांगाची वाट पाठ होती. मग एके वर्षीं दुकानदारानें सांगितलें, कीं हा माल येणें बंद झालें. आम्हीं शहरांतील सगळ्या पेठा पालथ्या घातल्या. एका दुकानीं धूळ खात पडलेल्या दोन डब्या मिळाल्या. त्या वर्षभर पुरल्या. त्यानंतर आम्हीं एक उंची परदेशी पोमेड आणून दिलें. वडिलांनीं वास घेतला, “चांगलें आहे,” असें म्हणाले, आणि झांकण लावून तें परत ठेवून दिलें. त्या दिवसापासून त्यांनीं भांग काढणें सोडलें. तक्रार म्हणून एक शब्द काढला नाहीं. केस कपाळावर आलेले, अशा स्थितींत ते खिडकीशीं बसून राहत. एके दिवशीं आईनें आम्हांस स्वयंपाकघरांत बोलावून हळूच म्हटलें, “अरे, त्यांचा दिवस सुरूच होत नाहीं.”

महिन्यांतून एकदां आमच्या घरीं येऊन वडिलांचे केस कापणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांना हें कळलें, तेव्हां त्यांनीं रिकामी डबी मागून घेतली, झांकणाच्या आंतील बाजू नखानें खरवडून दोनदां वास घेतला, व डबीवरील बारीक अक्षरें आमच्याकडून वाचून घेतलीं. “मेण, एरंडेल अन् व्हॅसलीन. यांत जादू ती काय?” एवढें बोलून ते गेले. आठ दिवसांनीं परत आले. मधमाशांचें मेण गरम पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत वितळवून त्यांनीं तें तयार केलें होतें. त्यांत लवंगेच्या तेलाचे दोन थेंब व गवती चहाच्या तेलाचा एक. मलम ओतलें होतें त्याच जुन्या डबींत. “नाना, बघा बरें,” म्हणून त्यांनीं डबी वडिलांच्या हातीं दिली. वडिलांनीं बोट लावलें, वास घेतला, आणि म्हणाले, “हें तें नव्हे.” मग थोडें थांबून म्हणाले, “पण डोक्याला पटलें.” दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं कंगव्याचा आवाज आला. पुढें तीन वर्षें, ते असेपर्यंत, तो आवाज एकदांही चुकला नाहीं.

या अनुभवावरून आम्हीं दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या. एक, जुन्या प्रसाधनांतील द्रव्यें बहुधा साधीं असतात व नाहींशीं होत नाहींत. मेण आहे, एरंडेल आहे, खोबरेल आहे. बंद पडतें तें त्यांचें एक विशिष्ट मिश्रण व त्याचा वास. तें जाणणारा एखादा कारागीर असला, तर त्याच्या जवळपास पोंचतां येतें. पण त्याला समोर रिकामी कां होईना, डबी लागते. तिच्यावरील अक्षरें लागतात. आणि ती वस्तु वापरणाऱ्या माणसाचें “हें तें नव्हे” हें प्रामाणिक मत लागतें. यांपैकीं कांहींच उरलें नाहीं, म्हणजे मग खरोखरच शोक करावयाचा.

दुसरी गोष्ट अशी, कीं म्हाताऱ्या माणसाच्या लहानशा सवयीस हट्ट म्हणूं नये. बाजारांत तिच्याहून सरस शंभर वस्तु मिळतील. परंतु सरस वस्तु निराळी आणि आपली वस्तु निराळी. ज्याच्या हातून नोकरी गेली, दृष्टि गेली, बरोबरीचे मित्र गेले, त्याला एका डबीच्या वासानें आपला दिवस आपल्या हातांत आहे असें वाटत असेल, तर ती डबी औषधाच्या बाटलीइतकीच जपून ठेविली पाहिजे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक काम करा. आपले आजोबा व वडील तरुणपणीं डोक्यास काय लावीत, तें त्यांस विचारा. वस्तूचें नांव, तिचा रंग, वास, किंमत, कोणत्या दुकानांतून आणीत व ती कधीं मिळेनाशी झाली, हें सर्व वहींत लिहून घ्या. फडताळाच्या मागें एखादी रिकामी बाटली सांपडली, तर ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं तिच्यावरील अक्षरें उतरून घ्या. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलांनीं असे प्रश्न विचारले असतां “तुला काय करावयाचें आहे?” असें न म्हणतां सविस्तर उत्तर द्यावें. अशा उत्तरांतून घरचा थोडा इतिहास हातीं लागेल. आणि पुढेंमागें कोणाची डबी संपली व दुकानदारानें मान हलविली, तर कारागिरापुढें ठेवण्यास निदान एक कागद तरी तुमच्याजवळ असेल.