डबल स्टँड

भद्रावतीस आमच्या अंगणात काळी माती आहे. पावसाळ्यात मोटारसायकलचे साइड स्टँड तीत रुतते आणि गाडी आडवी होते. शिवाय मागचे चाक अधांतरी फिरल्याखेरीज साखळीला नीट तेल देता येत नाही. म्हणून आम्ही दोघा भावांनी डबल स्टँड विकत आणले आणि घरीच बसवावयास घेतले.

आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले बाबा ओसरीवर बसून पाहत होते. कंपवातामुळे अलीकडे त्यांच्या हाती आम्ही पाना देत नसू. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन एकाने गाडी धरली, दुसऱ्याने बोल्ट ग्रीस लावून आवळले. परंतु स्प्रिंग काही केल्या खुंटीपर्यंत पोचेना. तासभराच्या ओढाताणीत बोटे मात्र सोलली.

"थांबा बे," बाबा म्हणाले, "जोर नका लावू. चिल्लर आणा."

देवघरातील डब्यात चार आण्यांची नाणी होती; २०११ साली चलनातून बाद झालेली. स्प्रिंग एका अंगास वाकवून उघडलेल्या फटींत एकेक नाणे सारायचे, मग दुसऱ्या अंगास वाकवून पुन्हा तेच. नाण्यांच्या जाडीने स्प्रिंग लांबली आणि तिचा आकडा खुंटीवर अलगद बसला. स्टँड पायाने दाबताच ती ताणली जाऊन नाणी टपटप गळून पडली. चाक मोकळे फिरू लागले.

जे चलनातून गेले ते कामातूनही गेले, असा हिशेब बाबांच्या बाबतीत आम्ही वर्षभर मांडत आलो होतो. साखळीला तेल आता तेच घालतात. थोडे सांडते; आम्ही पुसून घेतो.