कखडीचं शेत

डेक्कन कॉलेजात पुराभिलेख शिकवणाऱ्या सरांनी सुरुवातीला आम्हाला एकही राजा शिकवला नाही. वहीत ब्राह्मी गिरवायची, एवढंच काम. अधिकच्या चिन्हासारखा क, नुसतं वर्तुळ म्हणजे ठ, त्यात टिंब दिलं की थ. हात वळल्यावर त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांचे ठसे समोर ठेवले. मी सिन्नरची. ही लेणी शाळेच्या सहलीपासून पाहिलेली. पण तिथल्या भिंती वाचायच्या असतात, हे पुण्यात येऊन उमगलं.

पहिला लेख दहाव्या लेण्यातला, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतली २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेली १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची. सर म्हणाले, "हिशेब मांडा." २,००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, पुन्हा २४०! जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब माझ्या वहीत चोख जुळला आणि अंगावर काटा आला. राजाचा जावई आपली ठेव कायमची विणकरांच्या भरवशावर सोडतो, म्हणजे त्या कारागिरांची बाजारात काय पत असेल!

मग आलं नहपान आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यांचं युद्ध. आमच्याच तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रूचं नाणं न वितळवता त्याच्यावरच आपली मुद्रा उठवायची, याहून स्पष्ट जयघोषणा दुसरी कोणती? शाळेच्या पुस्तकात हा विजय एका ओळीत संपलेला असतो.

तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत मात्र तो संपत नाही. तिथे गौतमीपुत्राची राज्यवर्ष १८ मधली आज्ञा आहे, विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली. अपरकखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या भिक्षूंना द्यावं. तोच उषवदात! जिंकणाऱ्याने हरलेल्याचं शेत दान केलं. त्याला जोडूनच खाली वर्ष २४ ची आज्ञा कोरली आहे. यात राजासोबत राजमाताही आहे. कखडीचं ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत, असा तिचा आशय.

त्या ओळीपाशी मी फार वेळ थांबले होते. सातबाऱ्यावर 'पड' हा शेरा वाचावा तसं वाटलं. आमच्या भागात त्या एका शब्दामागे कोणाचं तरी उठून गेलेलं घर असतं. कखडीतली माणसं युद्धाने उठली असतील असं मला मनापासून वाटतं. लेख तसं सांगत नाही, म्हणून परीक्षेत ते मी 'तर्क' म्हणूनच लिहिलं. पुरावा कुठे संपतो आणि आपलं मन कुठून बोलायला लागतं, ही रेघ आखायला मला विद्यापीठाने शिकवलं. शिक्षणातलं दुसरं काहीही मी याच्या वर ठेवणार नाही.

पुढे मध्ययुगीन इतिहास आला. सिन्नरचा यादवकालीन गोंदेश्वर, शाप कोरलेले गधेगळ, मोडीतले महजर. सगळीकडे मी आधी शेत कोणाचं आणि कसतं कोण, तेच शोधायचे.

प्रबंधिकेसाठीही लेण्यांमधली भूदानंच घेतली. कार्ल्याच्या लेण्यात उषवदाताने तिथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे, आणि त्याच लेण्यात पुढे मामाल म्हणजे मावळच्या अमात्याला गेलेली सातवाहन आज्ञाही आहे. गाव तेच, भिक्षूही तेच. मावळात राज्य बदललं तरी विहाराचं उत्पन्न चालू राहिलं. तिकडे कखडी ओस पडली. एकाच सत्तांतराची ही दोन टोकं एका प्रकरणात शेजारी मांडली, आणि माझ्या प्रबंधिकेतलं सगळ्यांत लांबलेलं प्रकरण तेच आहे.