गोठ्यांतील परीक्षा

अमेरिकेची वारी करून आलेल्या मनुष्यास आपल्याकडे बहुधा नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कमधील गगनचुंबी इमारती आणि तेथील प्रशस्त रस्ते यांविषयीं प्रश्न विचारण्यांत येतात. आम्हांसहि ते अनेकांनीं विचारले व आम्हीं यथामति उत्तरें दिलीं. परंतु चार महिन्यांच्या त्या मुक्कामांत आमच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो एका परगण्याच्या जत्रेचा होय. पस्तीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेण्यांत घालविलेल्या मनुष्यास तेथें गोठ्यांत चाललेली परीक्षा पाहावयास मिळाली. तिचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ओहायो राज्याच्या राजधानींत, कोलंबस येथें, राहतात. तेथून पश्चिमेस सुमारें पंचेचाळीस मैलांवर स्प्रिंगफील्ड नांवाचें शहर आहे. क्लार्क कौंटीचें तें मुख्य ठिकाण. कौंटी म्हणजे आपल्या जुन्या परगण्यासारखा मुलखाचा एक भाग. ओहायो राज्यांत अशा अठ्ठ्याऐंशी कौंट्या आहेत आणि उन्हाळा आला कीं ठिकठिकाणीं त्यांच्या जत्रा भरूं लागतात. गेल्या जुलै महिन्यांत चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांची नात, आमचें कुटुंब व आम्ही असे पांचजण सकाळींच मोटारीनें निघालों. रस्त्याच्या दोहों बाजूंस दृष्टि पोंचेल तेथपर्यंत मका व सोयाबीन यांचीं शेतें पसरलेलीं होतीं. मका पुरुषभर उंच वाढून त्यास तुरे आले होते. मात्र मैलच्या मैल गेलें तरी शेतांत मनुष्य म्हणून दृष्टीस पडला नाहीं. यांत्रिक शेतीचें हें रूप आमच्या डोळ्यांस कांहींसें उदास वाटलें.

आपल्याकडे जत्रा म्हटली म्हणजे तिच्या मुळाशीं एखादें दैवत असावयाचें. खरसुंडीस सिद्धनाथ, माळेगांवीं खंडोबा. देवाच्या निमित्तानें माणसें जमतात आणि त्यांच्याबरोबर गुरांचा बाजार भरतो. अमेरिकेंतील ह्या जत्रांच्या मुळाशीं मात्र दोन मेंढ्या आहेत! एल्काना वॉटसन नांवाच्या गृहस्थानें १८०७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील पिट्सफील्ड गांवच्या चौकांत आपल्या दोन मेरिनो मेंढ्या लोकांस दाखविण्यासाठीं उभ्या केल्या. ह्या जातीची लोंकर फार तलम असते. मेंढ्या पाहावयास लोटलेली गर्दी पाहून त्याच्या मनांत आलें कीं, दोन मेंढ्यांसाठीं एवढे लोक येतात, तर सर्व शेतकऱ्यांनीं आपापलीं उत्तम जनावरें आणल्यास किती येतील? त्याच्या खटपटीनें १८११ सालीं तेथें बर्कशायर कृषिमंडळ स्थापन झालें, आणि जनावरांचें प्रदर्शन व बक्षीससमारंभ यांची प्रथा हळूहळू देशभर पसरली.

जत्रेच्या आवारांत शिरतांच उंच पाळणे, गरगरणारीं चक्रें, लिंबाच्या सरबताचीं दुकानें, तळलेल्या गोड पदार्थांचा वास आणि कर्ण्यांतून येणारें संगीत असा सर्व थाट दिसला. नातीचे डोळे पाळण्याकडे लागले होते, आमचे सांवलीच्या शोधांत होते. ती सांवली आम्हांस गुरांच्या लांबलचक पडव्यांत मिळाली. खालीं लांकडाचा भुसा पसरलेला, वर पंखे चाललेले, आणि दोहों बाजूंस गाई, गोऱ्हे, मेंढ्या, बकऱ्या व डुकरें आपापल्या जागीं उभीं. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपल्या गोऱ्ह्यास आंघोळ घालून वाऱ्याच्या यंत्रानें त्याचे केंस वाळवीत होता व मधून मधून कंगवा फिरवीत होता. “आपल्याकडे पोळ्यालासुद्धां बैलाचे इतके लाड होत नाहींत,” असें आमच्या कुटुंबानें त्यावर मत दिलें. कांहीं मुलें जनावरांशेजारींच घडीच्या खाटा टाकून झोंपलीं होतीं, तर कांहीं पेट्यांवर बसून म्हाताऱ्या शेतकऱ्यांशीं बोलत होतीं. संस्कृतांत ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोठा आणि ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळी जमून चाललेलें संभाषण. आपल्या ‘गोष्ट’ शब्दाचें मूळ तेंच. ती व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली होती. येथें ती डोळ्यांसमोर बसलेली दिसली.

बहुतेक मुलांच्या सदऱ्यांवर चार पानांचें हिरवें चिन्ह होतें व प्रत्येक पानावर ‘एच’ हें पांढरें अक्षर. डोकें, हृदय, हात व आरोग्य ह्या चोहोंचीं इंग्रजी नांवें ह्याच अक्षरानें सुरू होतात. म्हणून संस्थेचें नांव ‘फोर-एच’. तिचा एक प्रमुख उगम ह्याच क्लार्क कौंटींत, आणि तोहि एका शिक्षकाच्या हातून झाला, हें कळल्यावर आमची छाती अंमळ फुगली. आल्बर्ट बेलमाँट ग्रॅहम हे येथील खेड्यांच्या शाळांचे अधीक्षक होते. शाळेंत शिकविलेल्या विद्येचा खेड्यांतील मुलांच्या घरच्या जीविताशीं कांहींएक संबंध उरत नाहीं, ही गोष्ट त्यांना सलत होती. १५ जानेवारी १९०२ रोजीं कौंटीच्या न्यायकचेरीच्या तळघरांत त्यांनीं मुलामुलींची पहिली सभा भरविली. मक्याचें निवडक बीं लावून पाहणें, भाजीपाला व फुलझाडें वाढविणें, लिटमस कागदानें जमिनीची आम्लता पारखणें, अशीं कामें मुलांनीं घरीं करावयाचीं व त्यांचीं टिपणें ठेवावयाचीं, असा क्रम ठरला. १९०५ सालीं ओहायोच्या राज्य विद्यापीठानें ग्रॅहम यांस हेंच कार्य राज्यभर करण्यासाठीं बोलावून घेतलें. आयोवा राज्यांत जेसी फील्ड नांवाच्या शिक्षिकेनें त्याच सुमारास असेंच काम आरंभिलें होतें. पुढें १९१४ सालीं सरकारनें कायदा करून विद्यापीठांतील शेतकीचें ज्ञान खेड्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था केली, आणि हीं मुलांचीं मंडळें तिच्या छत्राखालीं आलीं.

ह्या योजनेंतील मर्म मोठें मनोहर आहे. प्रौढ शेतकऱ्याचा विद्यापीठाच्या बियाण्यावर विश्वास बसेना. परंतु मुलाच्या वाफ्यांत तेंच बीं जोमानें आलेलें पाहिल्यावर बापहि पुढील वर्षीं तें लावावयास तयार होई. विद्या नेहमीं वरून खालीं वाहते असें आपण समजतों. येथें ती मुलाकडून बापाकडे गेली. १९०० सालीं अमेरिकेंत शंभरांपैकीं सुमारें चाळीस माणसें शेतावर राहत होतीं. आज दोनहि राहत नाहींत. तथापि संस्था मोडली नाहीं. तिनें शिवण, स्वयंपाक, सुतारकाम, छायाचित्रण, अग्निबाण उडविणें असे नवे विषय घेतले. आमच्या नातीनेंहि ह्या वर्षीं घराच्या अंगणांत भाजी लावून तिची वही लिहिली होती. काम कोणतेंहि असो, एखादें काम पत्करावयाचें, त्याची वही ठेवावयाची व शेवटीं परक्या परीक्षकासमोर उभें राहावयाचें, हा नियम सर्वांना सारखा. ह्या कामास तेथें ‘प्रॉजेक्ट’ म्हणतात.

आतां परीक्षेकडे वळूं. ती दोन प्रकारची असते. एकींत जनावराचा बांधा, चाल व पुष्टता पाहतात. दुसरींत जनावर फिरविणाऱ्या मुलाचीच परीक्षा होते. भुसा पसरलेल्या रिंगणांत आठ-दहा मुलें गोऱ्ह्यांच्या दोऱ्या धरून फिरत होतीं. हातांतील लांब काठीनें कोणी त्यांचे पाय नीट जागीं आणी, कोणी पोटाखालीं खाजवून त्यांस शांत करी, आणि प्रत्येकाची एक नजर जनावरावर व एक परीक्षकावर. परीक्षक मध्येंच थांबून विचारी, ह्याला खायला काय घालतोस? वजन किती? अंगाच्या ह्या भागाला काय म्हणतात? मग तो दोघांना आपापसांत जनावरें बदलावयास सांगे. स्वतःच्या हाताला संवयलेलें जनावर कोणीहि चालवील. परक्याचें चालविण्यांत खरी कसोटी. शेवटीं तो ध्वनिक्षेपक हातीं घेऊन पहिला कोण व कां, दुसरा कोठें कमी पडला, हें सर्वांसमक्ष सांगे. आम्हीं जन्मभर उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईनें आंकडे लिहिले. एकास सात व दुसऱ्यास नऊ कां, हें पालकांच्या भर सभेंत उभें राहून सांगण्याचा प्रसंग कोणत्याहि परीक्षकावर आलेला आम्हीं पाहिला नाहीं.

वह्याहि आम्हीं मुद्दाम मागून पाहिल्या. एका मुलीच्या वहींत डुकराच्या पिलाची खरेदी, खाद्य, भुसा, औषध यांचा खर्च तारीखवार मांडला होता. वसंत ऋतूंत पन्नास-साठ पौंडांचें आणलेलें पिलूं जुलै अखेरीस अडीचशें पौंडांच्या पुढें गेलें होतें. तिनें वाढीची रोजची सरासरीहि काढली होती. डुकरीण किती दिवसांनीं विते असें विचारतांच, “तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस,” असें तिनें परवच्यासारखें म्हणून दाखविलें. त्रैराशिक शिकविण्यासाठीं काल्पनिक हौद व नळ वापरीत आलेल्या आम्हां मास्तरांस हें गणित हेवा वाटावा असें होतें.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाहीं, तर आमचा वृत्तांत अपुरा राहील. जेथें बक्षीस आलें तेथें लबाडीहि आली. १९९४ सालीं ओहायोच्या राज्यस्तरीय जत्रेंत विजेत्या ठरलेल्या कांहीं जनावरांवर अवैध उपाय केल्याचें उघडकीस येऊन मोठा गवगवा झाला, व त्यानंतर ह्याविषयींचे नियम कडक करण्यांत आले. आणि दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. जत्रेच्या अखेरीस मांसासाठीं वाढविलेल्या जनावरांचा लिलांव होतो. गांवांतील व्यापारी मुलांच्या उत्तेजनार्थ बाजारभावाहून पुष्कळ अधिक बोली देतात. मुलें ती रक्कम बहुधा उच्च शिक्षणासाठीं शिल्लक टाकतात. जनावर मात्र खाटिकखान्यास जातें.

लिलांवाच्या दिवशीं आम्ही पुन्हां गेलों होतों. गोठ्यांत एक मुलगी आपल्या गोऱ्ह्याच्या मानेस मिठी मारून हुंदके देत होती. तिचा बाप शेजारीं उभा होता. तो तिला गप्प करीना कीं दूर नेईना. आमची नात तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळानें तिनें विचारलें, “तुला हें आधीं ठाऊक होतें का?” ती म्हणाली, “पहिल्या दिवसापासून. म्हणून तर मीं त्याला एक दिवसहि उपाशी ठेवलें नाहीं.”

परततांना मोटारींत नात एकदम म्हणाली, “आजोबा, पुढच्या वर्षीं मलाहि वासरूं सांभाळायचें आहे.”

“अगो, भलतेंच काय!” आमचें कुटुंब म्हणालें. “आपल्या घरांत तें पाप नको.”

सूनबाईंनीं तोड काढली. “आई, दुभत्या जातीची कालवड सांभाळायला घेतां येते. गोठेवाला ती वर्षापुरती देतो, जत्रा झाली कीं ती परत आपल्या कळपांत जाते. तिला कोणी मारीत नाहीं.”

“मग हरकत नाहीं,” आजीनें निकाल दिला.

नात क्षणभर गप्प बसली. मग तिनें विचारलें, “पण आजी, तिचा भाऊ कोठें जातो?”

मोटारींत कोणी बोलेना. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि व्यालेल्या गाईचें निम्मे वेळां तरी खोंड निघतें. यंत्रानें शेती करणाऱ्या देशांत त्यास नांगर नाहीं, गाडी नाहीं, मोट नाहीं. त्याची वाट बहुतांशीं त्या लिलांवाकडेच जाते. आणि हें केवळ अमेरिकेचें नव्हे. आपल्या घरांतहि रोज दूध येतें, श्रीखंड होतें, नैवेद्यास तूप लागतें. पूर्वीं गोठा घराला लागून होता, तेव्हां खोंडाचा बैल होऊन तो औताला जुंपलेला आपण पाहत होतों. आज पिशवींतून येणाऱ्या दुधाबरोबर ही माहिती येत नाहीं, आणि ती विचारण्याची रीतहि आपल्यांत उरलेली नाहीं.

आम्ही शाकाहारी आहों. तो वध आम्हांस रुचला नाहीं व रुचणारहि नाहीं. परंतु त्या रडणाऱ्या मुलीस निर्दय म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे असेंहि वाटेना. तिनें त्या जनावराचें खाणें, पाणी, दुखणें व मरण या सर्वांचा हिशेब स्वतःच्या अक्षरांत लिहिला होता. जें आपण भोगतों त्याची किंमत कोण भरतो, हें तिला वयाच्या बाराव्या वर्षीं ठाऊक होतें. शेवटीं आमच्या घरीं असें ठरलें कीं, नातीनें कालवड घ्यावी, मात्र कालवडीच्या भावाचें काय झालें हें गोठेवाल्यास विचारून तेंहि वहींत लिहावें. ही अट तिच्या आजीनें घातली, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

कामांतून शिक्षण ही कल्पना आपणांस नवी नाहीं. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केलाच होता. परंतु त्यासाठीं शाळेची किंवा सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एकत्र कुटुंबांत आजोबा असतात, काकू असतात, गच्ची वा परसूं असतें, वर्षाचे बारा महिने असतात. घरांतील प्रत्येक मुलास एक सजीव वस्तु सोंपवावी. मेथीचा वाफा असो, वेल असो, कीं गांवाकडे असल्यास वासरूं असो. पाणी कोणी आठवण करून न देतां त्यानेंच घालावें. खर्चाची वही त्यानेंच लिहावी. झाड वाळलें तर तेंहि लिहावें आणि कां वाळलें तें लिहावें. दिवाळीच्या सुट्टींत त्या विषयांतला एखादा जाणकार घरीं बोलवावा, मुलानें त्याच्यासमोर उभें राहून उत्तरें द्यावींत, आणि घरच्यांनीं मध्यें बोलूं नये. हें शेवटचें आपणां वडील मंडळींस सर्वांत कठीण जाईल, असा आमचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.