मोजदाद

श्रावण सरत आला की आमच्या धर्मग्रामात रविवारच्या उपासनेनंतर एक सूचना हमखास वाचली जाते : बांद्र्याच्या जत्रेसाठी गाडी जाणार आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्यावीत. पंधराहून अधिक वर्षे ही नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आता ते तरुण मंडळींकडे सोपवले आहे. त्यांच्यापैकी एक जण मध्यंतरी वही घेऊन घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, काय काय बघावं लागतं तेवढं सांगा, मी लिहून घेतो." मी त्याला यादी दिली. परंतु यादीतील एकेक ओळ कुठून आली हे त्याला सांगितले नाही, ही रुखरुख मागे राहिली. ती फेडण्यासाठी हे लिहितो आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपण संख्येने थोडे. कुणी मिरजेच्या रेल्वेत नोकरीला आले, कुणी तेथील रुग्णालयांत परिचारिका म्हणून, कुणी पाचगणीच्या शाळांत, कुणी साखर कारखान्यांत. वसईसारखे चर्च हाकेच्या अंतरावर आणि शेजारीपाजारी सगळे आपलेच, असे भाग्य इकडे नाही. त्यामुळे बांद्र्याची जत्रा आम्हाला केवळ नवस फेडण्यापुरती नसते. वर्षातून एकदा आपल्या माणसांच्या गर्दीत मिसळून जाण्याचा तो दिवस असतो. ज्या गर्दीची ओढ वाटते तीच गर्दी माणूस गिळूही शकते, हे मात्र मला उशिरा कळले.

मोत माउलीचे स्थान वाचकांना परिचित आहेच. सोळाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी पवित्र मरियेची मूर्ती या टेकडीवर आणली. 1700 साली चाच्यांनी हल्ला करून मूर्तीचा उजवा हात तोडला. आजची इमारत 1904 सालची असून 1954 साली तिला बॅसिलिकेचा मान मिळाला. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मोत्सव. त्याच्या पाठोपाठच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. मेणाचे हात, पाय, बाळ, घर, ज्याचे जे मागणे असेल त्याची प्रतिमा घेऊन लोक टेकडी चढतात. त्यांत केवळ ख्रिस्ती नसतात, मुंबईतील सर्व धर्मांची माणसे असतात.

कोणी विचारतात, रेल्वे असताना लक्झरीचा खटाटोप कशाला? महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मिरजेहून, साताऱ्याहून माणसे घेते आणि सकाळी मुंबईला पोचवते, हे खरे. परंतु तेथून लोकल पकडणे, पूल चढणे-उतरणे, पुन्हा बस धरणे हे सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. आपली गाडी चर्चच्या दारातून निघते आणि थेट टेकडीच्या पायथ्याशी नेते. शिवाय वाटेत जपमाळ होते, गाणी होतात, डबे उघडतात. यात्रा घरापासूनच सुरू होते.

ही गोष्ट 2003 सालची आहे. त्या वर्षी 14 सप्टेंबरला जत्रेचा पहिला रविवार होता. सांगली-मिरजेचे 29 जण, कराडचे 4 आणि साताऱ्याचे 15, अशी फादरांसह 48 माणसे. शनिवारी रात्री आठला सांगली सोडली. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो. कराड झाले, साताऱ्याची मंडळी अकराच्या सुमारास चढली, खंबाटकी ओलांडून पुणे आणि मग आदल्याच वर्षी पूर्ण झालेला नवा द्रुतगती मार्ग. पहाटे पाचला आम्ही बांद्र्यात होतो. सारे इतके सुरळीत झाले की मला माझ्या व्यवस्थेचा थोडा अभिमानच वाटला. जत्रेत मोठ्या गाड्यांना टेकडीवर जाता येत नाही, म्हणून आमची गाडी पायथ्याशी आम्हाला उतरवून दूर जाऊन थांबली. दुपारी चारला कुठे जमायचे याचे कागद मी सर्वांना वाटले होते.

आमच्यात मिरजेच्या एक आक्का होत्या. वय अडुसष्ट, कानाने थोड्या मंद, अक्षरओळख जेमतेम. आजारी नातवासाठी त्यांनी मेणाचे बाळ बोलले होते. सकाळी गाडीतून उतरताना त्यांनी मला विचारले होते, "गुरुजी, गाडी कुटं यायची ते मला कसं कळंल?" मी घाईत होतो. "सगळ्यांच्या संगती राहा म्हणजे झालं," असे म्हणून मी पुढे गेलो.

चारला पाऊस सुरू झाला. छत्र्या, पिशव्या, खेळणी, लहान मुले यांसह सारी मंडळी गाडीत कोंबली गेली. मी पुढून मागे मोजत गेलो. 48 भरले. पावणेपाचला गाडी निघाली.

सव्वासहाच्या सुमारास वाशीला गाडी थांबली. साताऱ्याच्या एका कुटुंबाने आपल्या नात्यातील एका मुलीला बांद्र्यातून गाडीत घेतले होते, ती तेथे उतरायची होती. ती उतरली आणि माझ्या पोटात गोळा आला. ही मुलगी माझ्या 48 मध्ये होती. म्हणजे आपले एक माणूस कमी होते.

आक्कांच्या जागेवर त्यांची कापडी पिशवी तेवढी होती. शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या पुढं साताऱ्याच्या जावेजवळ बसल्यात असं वाटलं मला." साताऱ्याच्या जाऊबाई म्हणाल्या, "त्या आपल्या मिरजेच्या मंडळींत असतील असं मी धरून चालले." दोघींपैकी कुणीही निष्काळजी नव्हती. दोघींनाही आक्का दुसरीच्या हवाली सुखरूप आहेत अशी खात्री होती, आणि त्या दोन खात्र्यांच्या मधल्या फटीतून एक माणूस निसटून गेले होते.

गाडीत कुजबुज सुरू झाली. दोघी परिचारिकांना सकाळची पाळी होती, एका मुलाची सोमवारी परीक्षा होती. मागून कुणीतरी म्हणाले, "एका माणसासाठी सत्तेचाळीस जणांनी खोळंबायचं का? बांद्र्यात कुणाला तरी फोन करू, ते शोधतील." हे बोलणे वाईट हेतूचे नव्हते. हिशेबाने पाहिले तर बरोबरही होते. फादर एवढेच म्हणाले, "नव्याण्णव सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा हिशेब आपण दर वर्षी वाचतो." मग कुणी काही बोलले नाही. परिचारिकांनी बूथवरून फोन करून आपली पाळी बदलून घेतली. चालक म्हणाला, "गुरुजी, गाडी हितनं हालत न्हाई. तुमी जाऊन या." एका तरुणाला बरोबर घेऊन मी टॅक्सी केली.

रविवारची संध्याकाळ, पाऊस आणि जत्रेची गर्दी. त्या टॅक्सीत मला आनंदाच्या रहस्यांतील पाचवे रहस्य आठवत होते. लहानपणापासून किती वेळा म्हटले असेल, पण संत लूकच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग गटयात्रेचाच आहे, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले. नाझरेथची मंडळी वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेली होती. परतताना मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, तोवर बारा वर्षांचा येशू बरोबर नाही हे त्यांना कळले नाही. तो सोबत्यांत असेल, नातेवाइकांत असेल, असे त्यांनी धरून चालले. पवित्र कुटुंबाकडून जे घडले तेच आमच्याकडून घडले होते. मोठ्या मेळ्यात माणूस हरवतो तो बेपर्वाईने नव्हे, तर प्रत्येकाच्या दुसऱ्यावरील विश्वासाने. आईबापांना तो तीन दिवसांनी सापडला. तेही आधी सोबत्यांत शोधून झाल्यावर, शेवटी मंदिरात.

आम्हीही तसेच केले. आधी जमण्याची जागा पाहिली, बसथांबा पाहिला, पोलिसांना विचारले. मग त्या तरुणाने विचारले, "गुरुजी, आक्का कशाला आल्या होत्या?" आम्ही टेकडी चढलो. साडेआठच्या सुमारास चर्चच्या पायऱ्यांपाशी, मेणबत्त्या विकणाऱ्या एका बाईंच्या शेजारी आक्का बसलेल्या दिसल्या. त्या बाईंनी त्यांच्या डोक्यावर प्लास्टिक धरले होते, चहाही पाजला होता. मी म्हणालो, "आक्का, कुठं हरवलात हो?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी न्हाई हरवले. तुमीच मला इसरून गेलासा." आणि थोड्या वेळाने, "येनार ते ठावं हुतं. म्हनून हितनं हालले न्हाई."

रात्री सव्वादहाला आम्ही वाशीत पोचलो. गाडीतील एकही माणूस झोपलेले नव्हते. ज्याने फोनचा उपाय सुचवला होता त्यानेच आक्कांना हात देऊन वर घेतले. सकाळी साडेसहाला सांगली गाठली.

पुढील वर्षापासून व्यवस्थेत जे बदल केले ते येथे नोंदवतो. दुसऱ्या धर्मग्रामांनाही उपयोगी पडतील.

पहिला बदल मोजणीचा. डोकी मोजायची नाहीत, नावे वाचायची. ज्याचे नाव त्यानेच "हजर" म्हणायचे. शेजाऱ्याने त्याच्या वतीने उत्तर द्यायचे नाही, मग तो नवरा असो की जाऊ. वाटेतील प्रत्येक थांब्यानंतर हे करायचे. पाच मिनिटे लागतात. यादीबाहेरचे माणूस गाडीत घ्यावेच लागले, तर आधी त्याचे नाव यादीत लिहायचे.

दुसरा बदल गटांचा. आठ-दहा जणांचा एक गट आणि त्याचा एक प्रमुख. प्रमुख शक्यतो अशी व्यक्ती असावी की जिला स्वतःची लहान मुले सांभाळायची नाहीत. दोन गावांची मंडळी असतील तर निघण्यापूर्वी ओळखी करून द्याव्यात. गटाची चाल त्यातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाची असावी.

तिसरा, जमण्याच्या जागेचा. ती कागदावर लिहून भागत नाही. सकाळी उतरल्याबरोबर सर्वांना पायी नेऊन दाखवावी. दुकानाचा फलक किंवा उभी गाडी ही खूण धरू नये, न हलणारी खूण धरावी. आणि सर्वांना आक्कांचा नियम सांगावा : चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, चर्चच्या पायऱ्यांपाशी येऊन बसा, आम्ही येऊ.

चौथा, चिठ्ठीचा. प्रत्येक वृद्धाच्या आणि मुलाच्या खिशात नाव, धर्मग्राम, दोन फोन क्रमांक, आजार आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी. आता हातोहाती मोबाइल आहेत, परंतु ऐन गर्दीत फोन लागत नाही, बॅटरी संपते आणि आजीच्या फोनचे कुलूप नातवालाच उघडता येते. पोलिसांच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि हरवलेल्या मुलासाठी 1098 हे क्रमांक चिठ्ठीच्या मागे लिहावेत.

पाचवा, पाण्याचा. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया प्रवासात स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि मग दुपारी त्यांना भोवळ येते. हे त्या कुणाला सांगत नाहीत. म्हणून रात्री दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवावी, जागा स्वच्छ असेल याची आधी खात्री करून घ्यावी आणि थांबा कुठे आहे हे स्त्रियांना आधीच सांगावे.

सहावा, चालकाचा. रात्रभर गाडी हाकून दुसऱ्या रात्री पुन्हा परत आणणाऱ्या माणसाच्या हाती पन्नास जीव असतात. दोन चालक घ्यावेत आणि दिवसा त्यांना झोपायला जागा मिळवून द्यावी. त्यासाठी माणशी चार पैसे अधिक पडले तरी हरकत नाही. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांचा भार धर्मग्रामाने गाजावाजा न करता उचलावा आणि पुढच्या रविवारी हिशेब सर्वांसमोर वाचावा.

सातवा, दिवसाचा. पहिला रविवार टाळावा, मधला वार निवडावा. काही वर्षी जत्रा आणि गणेशविसर्जन एकाच आठवड्यात येतात, तेव्हा आधी दिनदर्शिका पाहावी. मराठी मिस्साबलिदानाची वेळ अगोदर विचारून ठेवावी. आणि एका दिवसात बांद्रा, माहीम, कुलाबा, चौपाटी असा सपाटा लावू नये. जेवढी ठिकाणे वाढतात तेवढे मोजणीचे प्रसंग वाढतात आणि प्रार्थनेची वेळ घटते.

आक्का त्यानंतरही बरीच वर्षे आल्या. नावे वाचताना त्यांच्या नावावर मी नकळत थांबत असे आणि त्या मुद्दाम मोठ्याने "हाय की!" म्हणत, साऱ्या गाडीत हसू पसरे. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे जत्रा भरली नाही. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आक्का यादीत नव्हत्या. त्या वर्षी नवीन मुलाने नावे वाचून संपवली आणि माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, पण मनातल्या मनात एक नाव अधिक वाचले.