बाण सुटल्यानंतर

वाल्मीकींच्या अयोध्याकांडातील दशरथ-शापाची कथा आम्ही सोलापुरातील वर्गांत वर्षानुवर्षे शिकवत आलो. भर असायचा तो करुणरसावर आणि पुत्रवियोगाच्या शापावर. नान्नजकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र एकदा विचारले, "सर, दिसत नव्हतं तर बाण सोडलाच कशाला?" त्याने लहानपणापासून माळावरची काळविटे पाहिली होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

काळविटाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. अमेरिकेत मात्र धनुष्याने हरीण मारणे आजही कायदेशीर आहे, आणि तिथे हाच प्रश्न कळीचा ठरतो. बाणाने हरीण मरते ते मुख्यतः रक्तस्रावाने. नेम हृदय-फुप्फुसांवर लागला तर ते थोडे धावून कोसळते. पोटात लागला तर कित्येक तास तडफडत दूर निघून जाते. म्हणून हरीण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे, वेध स्पष्ट नसेल तर बाण सोडूच नये, आणि सोडला तर रक्ताचा माग काढत जावे, असा जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक आहे. तरीही काही जनावरे सापडत नाहीत.

हे वाचून आम्ही कथेकडे परतलो. दशरथाने शरयूतीरी अंधारात घागर भरल्याचा आवाज ऐकला, तो हत्तीचा मानला आणि शब्दवेध केला. बाण मर्मी लागला. त्याच्या कौशल्यात उणे नव्हते. उणे होते ते न पाहता नेमावर विसंबण्यात. पण किंकाळी ऐकून तो पळाला नाही, आवाजाच्या दिशेने गेला. बाण तसाच ठेवला तर यातना, उपटला तर मृत्यू, हा पेच त्याच्यापुढे उभा राहिला. तापसकुमाराच्या सांगण्यावरून त्याने तो उपटला. मग घागर भरून तो आंधळ्या मातापित्यांकडे गेला आणि स्वतःच्या तोंडाने अपराध सांगितला.

शापाइतकेच हे चालत जाणेही आम्ही शिकवायला हवे होते. त्याने दशरथाचा दोष धुतला जात नाही. परंतु जखमी जीव अंधारात सोडून घरी परतणाऱ्यापेक्षा तो निश्चितच वेगळा ठरतो.

'मर्म' हा शब्द आम्ही काव्याच्या संदर्भात सहज वापरतो. तो मुळात देहातील जीवघेण्या जागेचा शब्द आहे, हे त्या विद्यार्थ्याने आम्हांला आठवून दिले. आता ही कथा शिकवताना आम्ही आधी त्याचाच प्रश्न फळ्यावर लिहितो.