कोनाड्यांतला कंदील

मुरुमच्या आमच्या वाड्यांत वीज असूनहि मोठ्या काकू रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसून, घासलेट भरून तो कोनाड्यांत ठेवीत. आम्हां पुतण्यांना त्याचें हंसूं येई. “काकू, वीज काय केवळ शोभेला घेतली आहे?” असें मीं एकदां विचारलेंहि होतें.

तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन करून सारे गाढ निजले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें वाडा हादरला, वीज गेली आणि सारे धडपडत अंगणांत आलों. काकूंनीं काडी ओढली. त्या पिवळ्या उजेडांत माणसें मोजलीं, तों एक कमी! कंदील घेऊन मी माजघरांत शिरलों. धाकटी चुलतबहीण कलंडलेल्या फडताळाआड भेदरून बसली होती. माझी थट्टा त्या रात्रीं संपली.

पुढें विजेविषयीं वाचीत असतां ध्यानांत आलें कीं, देशाच्या वीजपुरवठ्यांतहि तेलाचें स्थान असेंच आहे. परळीसारख्या केंद्रांत कोळसा जळतो खरा. पण थंड भट्टी प्रथम तेलानें पेटवावी लागते, ती तापल्यावर मग कोळशाची पूड आंत सोडतात. सर्वत्र अंधार झाला, तर केंद्राचे पंप व पंखे फिरविणारी पहिली वीज जलविद्युत्केंद्रांतून वा डिझेलच्या जनित्रांतून आणावी लागते. कोळशाची भट्टी तापावयास कित्येक तास लागतात. डिझेलचें जनित्र कांहीं क्षणांत सिद्ध होतें.

मात्र हा अडीअडचणीचा कंदील रोज रात्रभर जाळला, तर घराचें दिवाळें वाजतें. मे १९९९ मध्यें दाभोळच्या केंद्राचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा खनिज तेलापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यावर सुरू झाला. नॅफ्था महाग, त्यांत रुपया घसरलेला. अखेर मे २००१ मध्यें राज्य विद्युत् मंडळानें ती वीज घेणें थांबविलें. फ्रान्सनें हा धडा आधींच घेतला होता. १९७३ सालीं तेल महागतांच तो देश अणुशक्तीकडे वळला.

आतां काकू नाहींत. कोनाड्यांत बॅटरीचा दिवा आला आहे, आणि देशाच्या वीजजाळ्यांतहि मोठमोठ्या बॅटऱ्या बसूं लागल्या आहेत. आमची सून दर शनिवारीं तो दिवा चार्ज करून ठेवते. मुलें तिला हंसतात. मी कांहीं बोलत नाहीं. दिवा जागेवर आहे ना, एवढेंच निजतांना पाहून घेतों.