पंचवीस टक्क्यांतली जागा

2024 साली आमच्या धाकटीला पहिलीत घालायचं होतं. हे टेम्पोवर हेल्पर आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते. पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. थोरला महापालिकेच्या शाळेत जातो. धाकटीला आरटीईतून जवळच्या इंग्रजी शाळेत घालायचं, हे आमचं आधीपासून ठरलं होतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चा. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या 25 टक्के जागा आमच्यासारख्यांच्या मुलांना द्यायच्या, त्यांची फी सरकार शाळेला देणार. आमच्या गल्लीतली दोन मुलं तशीच लागली होती.

त्या वर्षी अर्ज सुरूच होईनात. मग कळलं, 9 फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला. खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला 25 टक्के जागा ठेवायला नकोत. पुण्यात कुठल्या शाळेपासून किलोमीटरभरात महापालिकेची शाळा नाही? म्हणजे बहुतेक सगळ्याच सुटल्या.

एप्रिलमध्ये अर्ज निघाले. सायबर कॅफेतल्या मुलाने यादी उघडली, तर सगळ्यात वर थोरल्याचीच शाळा. तिथे जूनमध्ये कुणीही जाऊन नाव घालतं. त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत कशाला, ते त्या मुलालाही कळेना. आम्ही अर्ज भरला नाही.

महापालिकेच्या शाळेला मी नावं ठेवत नाही. थोरल्याच्या बाई जीव लावून शिकवतात. पण त्यांच्याकडे दोन वर्ग आहेत, आणि निवडणूक आली की त्याही ड्युटीवर. ती शाळा धड चालवली असती तर आम्ही दुसरीकडे बघितलंही नसतं. पण नव्या नियमाचं प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा तो प्रश्न नव्हता. तिथे भांडण 25 टक्क्यांचं होतं.

काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. 6 मे रोजी कोर्टाने नव्या नियमाला स्थगिती दिली. वस्तीत पेढे वाटायचेच बाकी होते. आमच्याकडे एक वकील ताई येतात. त्या म्हणाल्या, "अहो, ही स्थगिती आहे, निकाल नाही. आधी कागद गोळा करा." तेच बरं झालं. 17 मेपासून जुन्या पद्धतीने नव्याने अर्ज सुरू झाले. ज्यांनी एप्रिलमध्ये भरले होते त्यांनाही पुन्हा भरावे लागले.

कागदांचं सांगते, कारण खरी दमछाक तिथेच होते. जातीच्या दाखल्यावर अर्ज करणाऱ्यांना उत्पन्नाची अट नाही. आम्हाला होती, वर्षाला एक लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला. आमच्याकडे 13 मे रोजी लोकसभेचं मतदान होतं. तहसील कार्यालयातली निम्मी माणसं त्या कामाला लागलेली. दाखला पुढे पुढे जात राहिला. दुसरं म्हणजे भाडेकरार. नोटरीचा चालत नाही, नोंदणी केलेला लागतो, तोही अर्जाच्या आधीचा. घरमालक नोंदणीला तयार होत नव्हते, त्यांना वाटे आम्ही खोल्या बळकावू. यांनी दोन-तीन वेळा जाऊन त्यांना समजावलं. नोंदणीचा खर्च आम्ही केला. जे भाड्याने राहतात त्यांनी ही गोष्ट दिवाळीतच उरकून ठेवावी.

अर्ज भरताना नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं. कॅफेतल्या मुलाने तो लाल फुगा थेट चौकात ठेवला, कारण आमची गल्ली नकाशात दिसतच नव्हती. शाळेचं अंतर एक किलोमीटरच्या थोडं वर गेलं. तेव्हा सोडतीत एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी घेत होते, मग तीनपर्यंतच्या. मी त्याला नकाशा मोठा करायला लावला. आधी पिठाची गिरणी शोधली, तिथून मारुतीचं देऊळ, मग आमची बोळ. फुगा तिथे सरकवला तेव्हा अंतर एकच्या आत आलं. मागे रांग लागली होती, लोक कुरकुरत होते. मी उठले नाही. दहा शाळा निवडता येतात, आम्ही तीनच टाकल्या. सगळ्यात जवळची शाळा यादीत नव्हती. ती अल्पसंख्याक संस्थेची, आणि अशा शाळांना हा कायदा लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच ठरवलंय.

7 जूनला सोडत निघाली, पण यादी लावली नाही. प्रकरण कोर्टात होतं. जूनच्या मध्याला शाळा भरल्या आणि धाकटी घरी. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची. तिला काय सांगायचं ते मला सुचत नसे. शेवटी थोरल्याच्या मुख्याध्यापिकांना विचारलं. त्यांनी नाव पटावर न घेता तिला पहिलीच्या वर्गात बसू दिलं. खिचडीही दिली.

19 जुलैला निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने फेब्रुवारीचा नियम रद्द केला. कायद्याने दिलेलं सरकारला नियम करून काढून घेता येत नाही, असा त्याचा अर्थ वकील ताईंनी सांगितला. दोन-चार दिवसांत यादी लागली. आम्हाला मेसेज आला नाही. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर बघितलं, तर नंबर लागला होता. तिथेच उभ्या उभ्या मला रडू आलं, कॅफेतला मुलगा पाणी घेऊन आला.

पडताळणी समितीपुढे मूळ कागद दाखवले, ते काम तासाभरात झालं. शाळेत मात्र अडलं. ऑफिसातले सर म्हणाले, जागा भरल्यात. मधल्या काळात त्यांनी फी भरणारी मुलं घेतली होती. निकालात याचाही विचार आहे. ती मुलं काढायची नाहीत, गरज पडली तर परवानगी घेऊन जागा वाढवायच्या, पण 25 टक्के भरायचेच. ताईंनी तेवढा परिच्छेद छापून दिला होता. तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि नाही म्हणायचं तर लेखी द्या म्हटलं. लेखी कुणी देईना. समितीकडून फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. तरी "सुप्रीम कोर्टाचं काय होतं ते बघू" हे ऐकवलंच. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही शाळांचं अपील फेटाळलं. मग तो विषय बंद झाला.

शाळांची बाजूही खोटी नाही. सरकार तेव्हा एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये धरत होतं आणि तेही वेळेवर देत नव्हतं. पण ते वसूल करायचं सरकारकडून. आमच्याकडे शाळेने पुस्तकांचे आणि गणवेशाचे पैसे मागितले. नियमात ते मोफत आहेत. मी अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, एकीवर आवक शिक्का घेतला. उत्तर अजून आलेलं नाही. पुस्तकं गल्लीतल्या मुलाची जुनी मिळाली. गणवेश मी घरीच शिवला, फक्त खिशावरचा बिल्ला शाळेतून विकत घ्यावा लागला.